लांब पल्ल्याच्या रेल्वेगाड्यांतील खानपान : सोलापूरकर प्रवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवासाचा बेत ठरला की तिकिटाची चौकशी सगळेच करतात. जेवणाची चौकशी मात्र गाडी कुर्डुवाडी किंवा वाडी ओलांडून गेल्यावर, भूक लागल्यावर सुरू होते. तोपर्यंत निवडीला फारसा वाव उरलेला नसतो. रेल्वेत मिळणाऱ्या जेवणाचे वजन, किंमत आणि दर्जा ठरलेला असतो, पण तो ज्याला ठाऊक आहे त्यालाच मागता येतो. सोलापूरहून दिल्ली, बंगळूर, भुवनेश्वर, हैदराबाद किंवा चेन्नईकडे निघालेल्या प्रवाशांना ही माहिती घरातून निघण्यापूर्वीच हाताशी असावी, म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

सोलापूरवरून जाणाऱ्या सर्व लांब पल्ल्याच्या गाड्यांत जेवण मिळते का?

मिळते, पण सर्वत्र सारख्या पद्धतीने नाही. पुणे–सिकंदराबाद शताब्दी आणि मुंबई–सोलापूर वंदे भारत या गाड्यांत तिकीट काढतानाच खानपानाचे पैसे भरता येतात आणि जेवण किंवा नाश्ता जागेवर आणून दिला जातो. कर्नाटक एक्सप्रेस किंवा कोणार्क एक्सप्रेस यांसारख्या, एका दिवसाहून अधिक धावणाऱ्या गाड्यांना पँट्री कार, म्हणजे खानपानाचा स्वतंत्र डबा, जोडलेली असते आणि तिथले कर्मचारी डब्याडब्यातून फिरून मागणी नोंदवून घेतात. ज्या गाड्यांना पँट्री कार नसते त्यांपैकी अनेकांत ‘साइड व्हेंडिंग’ची सोय असते, म्हणजे नेमलेल्या परवानाधारकाचे विक्रेते ठरावीक स्थानकांदरम्यान गाडीत चढून चहा, नाश्ता आणि जेवणाची पाकिटे विकतात. सिद्धेश्वर एक्सप्रेससारख्या रात्री सुटून सकाळी मुंबईत पोहोचणाऱ्या गाडीत हा प्रश्न फारसा उद्भवत नाही, कारण सोलापूरकर जेवूनच गाडीत बसतात.

आपल्या गाडीला पँट्री कार आहे की नाही, हे तिकीट काढण्यापूर्वी रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर विचारून घ्यावे. ‘एक्सप्रेस आहे म्हणजे पँट्री असणारच’ हा समज चुकीचा आहे.

गाडीतल्या जेवणाची जबाबदारी नेमकी कोणाची असते?

इंडियन रेल्वे केटरिंग अँड टुरिझम कॉर्पोरेशन, म्हणजेच आयआरसीटीसी, ही सरकारी कंपनी २७ सप्टेंबर १९९९ रोजी स्थापन झाली. २०१० च्या धोरणाने गाड्यांतील खानपानाचे बरेचसे काम विभागीय रेल्वेकडे परत गेले होते. फेब्रुवारी २०१७ च्या खानपान धोरणाने ते पुन्हा आयआरसीटीसीकडे सोपवले. या धोरणाचा गाभा असा की, अन्न शिजवणे आणि अन्न वाढणे ही दोन कामे वेगळी करावीत आणि शिजवण्याचे काम देखरेखीखालच्या मोठ्या स्वयंपाकघरांत व्हावे. प्रत्यक्ष वाढण्याचे काम पुष्कळदा ठेकेदाराचे कर्मचारी करतात. त्यामुळे ‘ठेकेदाराचे आम्हाला माहीत नाही’ किंवा ‘रेल्वेकडे जा’ असे कोणी सांगितले, तरी प्रवाशाने त्या वादात पडण्याचे कारण नाही. तक्रारीचे दार एकच आहे आणि त्याची माहिती पुढे दिली आहे.

पँट्री कारमधले जेवण गाडीतच शिजवलेले असते का?

पूर्वी बहुतेक पदार्थ धावत्या गाडीतच, गॅसच्या शेगडीवर शिजत असत. आता एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीच्या डब्यांच्या, गाड्यांतील पँट्री कार विनाज्योतीच्या, म्हणजे विजेच्या उपकरणांवर चालणाऱ्या असतात. मुख्य जेवण वाटेतल्या स्वयंपाकघरातून तयार होऊन, बंद पाकिटांत चढवले जाते आणि गाडीत ते गरम ठेवणे, चहा-कॉफी करणे यांसारखी कामे होतात. आगीचा धोका कमी झाला, ही यातली मोठी जमेची बाजू आहे. मात्र स्वयंपाकघरातून निघाल्यापासून प्रवाशाच्या हाती पडेपर्यंत किती वेळ गेला, हा प्रश्न यामुळे अधिक महत्त्वाचा झाला आहे.

शाकाहारी जेवणात नेमके काय आणि किती असले पाहिजे? त्याची किंमत किती?

मेल आणि एक्सप्रेस गाड्यांतील ‘स्टँडर्ड’ शाकाहारी जेवणात साधा भात १५० ग्रॅम, घट्ट डाळ किंवा सांबार १५० ग्रॅम, दोन पराठे किंवा चार पोळ्या १०० ग्रॅम, भाजी १०० ग्रॅम, दही ८० ग्रॅम आणि लोणच्याचे १२ ग्रॅमचे पाकीट असले पाहिजे. हेच जेवण गाडीत ८० रुपयांना आणि स्थानकावरच्या भोजनालयात ७० रुपयांना मिळते. अंडाकरीसह जेवण गाडीत ९० आणि स्थानकावर ८० रुपये, तर चिकनकरीसह जेवण गाडीत १३० आणि स्थानकावर १२० रुपये आहे. शाकाहारी नाश्ता गाडीत ४० रुपयांना, साधा चहा १५० मिलिलिटरला ५ रुपये आणि टी-बॅगचा चहा १० रुपये. नोव्हेंबर २०१९ मध्ये ठरवलेल्या या दरांत कर समाविष्ट आहे. त्यावर वेगळा कर किंवा ‘सेवा’ म्हणून काही घेता येत नाही.

ही वजने पाठ करण्याची गरज नाही, पण पदार्थांची यादी अवश्य लक्षात ठेवावी, कारण कपात होते ती बहुधा यादीतच. दही गायब असते, चारऐवजी दोन पोळ्या निघतात, किंवा लोणच्याचे पाकीट ‘संपले’ असे सांगितले जाते आणि पैसे मात्र पूर्ण घेतले जातात. दही नसलेले जेवण हे अपुरे जेवण आहे, असे वाढणाऱ्याला शांतपणे सांगावे. पुष्कळदा तेवढ्यानेच दही येते.

आणखी एक गोष्ट. गाडीत विक्रेता ‘थाळी’ म्हणून १५० किंवा त्याहून अधिक रुपयांचे जेवण पुढे करतो, तेव्हा ते ‘आ ला कार्ट’ प्रकारातले, म्हणजे ठरावीक दराच्या जेवणाहून वेगळे असू शकते. त्याची विक्री गैर नाही. पण ‘स्टँडर्ड जेवण आहे का?’ हे स्पष्ट शब्दांत विचारावे, म्हणजे ८० रुपयांचे जेवण उपलब्ध असताना ते दडवून ठेवले जात असेल तर कळते. दरपत्रक जवळ ठेवणे आणि मागितल्यावर दाखवणे हे वाढणाऱ्याचे कर्तव्य आहे.

विक्रेता जास्त पैसे मागत असेल तर काय करावे?

बिल मागावे. जुलै २०१९ पासून रेल्वेने ‘बिल नाही, तर पैसे नाहीत’ हे धोरण जाहीर केले आहे; विक्रेत्याने बिल दिले नाही तर घेतलेल्या पदार्थाचे पैसे देण्याचे बंधन प्रवाशावर नाही. बिल मागितल्याबरोबर शंभराचे ऐंशी होतात, हा अनुभव अनेक प्रवाशांचा आहे. यूपीआयने पैसे देणे केव्हाही चांगले, कारण रक्कम, वेळ आणि कोणाच्या खात्यात पैसे गेले हे तिन्ही नोंदले जाते. बंद पाकिटातल्या वस्तूवर, मग ती बिस्किटे असोत वा ताक, छापील किमतीहून एक रुपयाही जास्त देऊ नये.

दहा-वीस रुपयांसाठी कोण वाद घालणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एका डब्यात सत्तर-ऐंशी प्रवासी असतात आणि गाडीला वीसहून अधिक डबे असतात, तेव्हा ही रक्कम कोणाच्या खिशातून जाते आणि किती होते, याचा हिशेब प्रत्येकाने मनाशी करावा.

वंदे भारत आणि शताब्दीत जेवण घ्यावेच लागते का?

नाही. आरक्षण करताना ‘जेवण नको’ हा पर्याय निवडता येतो आणि खानपानाचे पैसे भाड्यातून वजा होतात. मात्र हा निर्णय विचार करून घ्यावा, कारण आधी नको म्हणून नंतर गाडीत मागितल्यास दर वाढतो. जुलै २०२२ च्या आदेशानुसार अशा वेळी नाश्ता आणि जेवणावर ५० रुपये अधिक द्यावे लागतात. उदाहरणार्थ, शताब्दीच्या चेअर कारमध्ये १०५ रुपयांचा नाश्ता १५५ रुपयांना पडतो. चहाला ही वाढ लागू नाही.

मुंबई–सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाली. सोलापूरहून ती भल्या सकाळी निघते आणि मुंबईहून परतताना रात्री उशिरा पोहोचते. सकाळच्या फेरीत घरी नाश्ता होणे कठीण असते आणि संध्याकाळच्या फेरीत घरी पोहोचून जेवायला फार उशीर होतो, त्यामुळे या गाडीत खानपानाचा पर्याय घेणे बहुतेकांच्या सोयीचे ठरते. ज्यांना पथ्य आहे त्यांनी मात्र डबाच न्यावा.

गाडीला उशीर झाला तर जेवण मोफत मिळते का?

राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांना दोन तासांहून अधिक उशीर झाल्यास, वेळेनुसार चहा-बिस्किटे, नाश्ता किंवा जेवण मोफत देण्याची तरतूद आहे. साध्या मेल-एक्सप्रेस गाड्यांना ती नाही. याच गाड्यांना उशीर अधिक होतो, म्हणून लांबच्या प्रवासात एका वेळच्या जेवणाची जादा शिदोरी ठेवावी.

जनरलच्या डब्यातील प्रवाशांनी जेवणाचे काय करावे?

हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि त्याचे उत्तर सर्वांत जास्त लोकांना हवे असते. सोलापूर, अक्कलकोट, मोहोळ, बार्शी या भागांतून कामासाठी बाहेर पडणारी किंवा गावी परतणारी असंख्य कुटुंबे अनारक्षित तिकिटावर प्रवास करतात. त्यांच्या डब्यात पँट्रीचा माणूस पोहोचतोच असे नाही, कारण गर्दीतून वाट काढणे त्यालाही अवघड असते. मोबाईलवरून जेवण मागवण्याची सोय पीएनआर, म्हणजे आरक्षित तिकिटावरच्या, क्रमांकावर चालते आणि अनारक्षित तिकिटाला पीएनआर नसतो. जनरलचे डबे गाडीच्या दोन टोकांना असतात. बावीस-चोवीस डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब पसरते आणि खाद्यपदार्थांचे ठेले मात्र बहुधा फलाटाच्या मध्यभागी असतात. पाच मिनिटांच्या थांब्यात, पोरे आणि बोचकी डब्यात ठेवून, तिथवर धावत जाऊन परत येणे एकट्या बाईला कसे जमावे? गेलेल्या माणसाची बसायची जागा उरत नाही, ती गोष्ट आणखी निराळी.

ही अडचण ओळखून रेल्वेने जुलै २०२३ पासून ‘इकॉनॉमी मील’ची योजना आणली. तिचे काउंटर जनरलचे डबे जिथे थांबतात, तिथेच फलाटावर मांडले जातात. वीस रुपयांत सात पुऱ्या, १५० ग्रॅम बटाट्याची सुकी भाजी आणि लोणचे मिळते. पन्नास रुपयांच्या ‘स्नॅक मील’मध्ये खिचडी, छोले-भात, पावभाजी यांसारख्या पदार्थांपैकी एक, ३५० ग्रॅम वजनाचा, मिळतो. २०० मिलिलिटर पाण्याचा बंद पेला तीन रुपयांना आहे. मध्य रेल्वेच्या ज्या स्थानकांवर ही सोय करण्यात आली, त्यांत सोलापूर, कुर्डुवाडी, वाडी, दौंड आणि मनमाड यांचा समावेश आहे.

सोलापूरहून चढणाऱ्यांनी गाडी फलाटावर लागण्यापूर्वीच हे पाकीट घेऊन ठेवावे, म्हणजे चढतानाच्या रेटारेटीत धावपळ होत नाही. वाटेतल्या स्थानकांवर काउंटर दिसले नाही, तर खिडकीतूनच फलाटावरच्या विक्रेत्याला ‘वीस रुपयांची पुरी-भाजी’ असे स्पष्ट नाव घेऊन मागावे. वीस रुपयांचे जेवण ठेल्यावर असूनही ते मागच्या बाजूला ठेवून महागडे पदार्थ पुढे मांडले जात असतील, तर ती तक्रारीची बाब आहे. ज्या प्रवाशाकडे सर्वांत कमी पैसे आहेत त्याच्यासाठी ठरवलेली गोष्ट त्याच्यापर्यंत पोहोचलीच पाहिजे. आरक्षित डब्यातल्या प्रवाशांनीही यावर लक्ष ठेवले तर फरक पडेल.

पिण्याच्या पाण्याची काय व्यवस्था आहे?

रेल्वेचे स्वतःचे बाटलीबंद पाणी म्हणजे ‘रेल नीर’. ते २००३ पासून मिळते आणि महाराष्ट्रात अंबरनाथ येथे त्याचा कारखाना आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून एक लिटरची बाटली १४ रुपयांना आणि अर्ध्या लिटरची ९ रुपयांना आहे. गाडीतही हाच दर, फलाटावरही हाच. ‘थंड करण्याचे’ म्हणून वेगळे पैसे नाहीत. रेल नीर उपलब्ध नसेल तेव्हा मान्यताप्राप्त दुसऱ्या कंपनीचे पाणी विकता येते, पण अनोळखी नावाची बाटली पंधरा-वीस रुपयांना घ्यायला भाग पाडले जात असेल तर रेल नीरच मागावे.

बाटली घेताना झाकणाच्या खालचे कडे हाताने चाचपून पाहावे. नव्या बाटलीचे कडे झाकणाला सलग जोडलेले असते आणि पिरगाळताना कडकड आवाज करत तुटते. पुन्हा भरलेल्या बाटलीचे कडे आधीच सुटलेले असते. पाणी संपल्यावर बाटली चुरगाळूनच टाकावी.

वंदे भारतमध्ये प्रत्येक प्रवाशाला अर्ध्या लिटरची एक बाटली दिली जाते आणि मागितल्यास अर्ध्या लिटरची दुसरी बाटली विनामूल्य मिळते. पाणी वाया जाऊ नये म्हणून ही पद्धत २०२४ मध्ये आणली. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला तिचे महत्त्व सांगायला नको.

फलाटावरचे नळ मोफत आहेत आणि घरून आणलेली मोठी बाटली किंवा कळशी तिथे भरून घेता येते. डब्यातल्या बेसिनचे पाणी मात्र हात धुण्यापुरतेच आहे. ते पिऊ नये.

मोबाईलवरून जागेवर जेवण कसे मागवावे?

आयआरसीटीसीची ई-केटरिंग सेवा २०१४ पासून सुरू आहे. तिच्या संकेतस्थळावर किंवा ‘फूड ऑन ट्रॅक’ या ॲपवर पीएनआर क्रमांक टाकला की, वाटेतल्या कोणत्या स्थानकांवर कोणत्या उपाहारगृहांतून जेवण मिळेल याची यादी दिसते. १३२३ या क्रमांकावर फोन करूनही मागणी नोंदवता येते. स्मार्टफोन न वापरणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी हा मार्ग सोपा आहे. झोमॅटो आणि स्विगी यांचीही आयआरसीटीसीशी भागीदारी असून त्यांच्यामार्फत अनेक स्थानकांवर जेवण पोहोचते. पैसे आधी भरता येतात किंवा, जिथे सोय असेल तिथे, डबा हाती पडल्यावर देता येतात.

स्थानक निवडताना थोडा विचार करावा. दिल्लीकडे जाणाऱ्या कर्नाटक एक्सप्रेसच्या वाटेवर मनमाड, भुसावळ, इटारसी, भोपाळ ही मोठी स्थानके आहेत, तर भुवनेश्वरकडे जाणाऱ्या कोणार्कच्या वाटेवर सिकंदराबाद, विजयवाडा, विशाखापट्टणम. जिथे गाडी अधिक वेळ थांबते आणि जिथे उपाहारगृहांची संख्या मोठी आहे, तेच स्थानक घ्यावे. दोन मिनिटांच्या थांब्यावर डबा आणणाऱ्याची आणि आपली चुकामूक होण्याचा संभव फार. गाडी उशिरा धावत असेल तर दुपारचे जेवण दुपारी चारला हाती पडू शकते, म्हणून मागणी नोंदवण्यापूर्वी गाडीची प्रत्यक्ष वेळ पाहावी. डबा आणि आसन क्रमांक बदलला असेल, तर तसे कळवण्यास विसरू नये.

या सेवेचा खरा फायदा वयस्कर आणि पथ्याच्या प्रवाशांना होतो. दिल्लीच्या मुलीकडे निघालेल्या आईवडिलांसाठी सोलापुरात बसलेला मुलगा घरातूनच भोपाळचे जेवण नोंदवू शकतो, फक्त पीएनआर आणि त्यांचा मोबाईल क्रमांक बरोबर दिलेला हवा.

उन्हाळ्यात घरून कोणते पदार्थ न्यावेत?

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि स्लीपरचा डबा भट्टीसारखा तापतो. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सियस या तापमानात राहिले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात, आणि ज्या पदार्थात पाणी अधिक तो आधी विटतो. त्यामुळे काय न्यावे, याचे उत्तर पदार्थातला ओलावा पाहून ठरवावे.

या बाबतीत आपल्याकडच्या पूर्वजांनी उत्तम सोय करून ठेवली आहे. ज्वारीची कडक भाकरी पातळ थापून, भाजून, पुढे मंद आचेवर पूर्ण वाळेपर्यंत ठेवलेली असते. तिच्यात ओलावाच उरत नसल्यामुळे ती अनेक दिवस टिकते. तिच्याबरोबर शेंगांची चटणी असावी. उखळात कुटलेल्या चटणीला स्वतःचेच तेल सुटलेले असते आणि पाण्याचा थेंबही नसतो. भाकरीचा तुकडा चटणीवर दाबला की तेल लागून थोडा मऊ होतो, वर फलाटावरचे दह्याचे बंद पाकीट घेतले की जेवण पुरे होते. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या दीड-दोन दिवस सहज राहतात. धपाटे पहिल्या दिवशीच संपवावेत. शेंगांची पोळी सर्वांत भरवशाची, आणि पोरे ती आवडीने खातात.

नेऊ नयेत अशा गोष्टींत ओल्या खोबऱ्याची चटणी, रश्शाची भाजी, दहीभात, उकडलेली अंडी आणि पनीर हे पदार्थ येतात. पहिल्या तीन-चार तासांत खाऊन टाकणार असाल तरच ते घ्यावेत.

बांधण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. गरम पोळ्या तशाच डब्यात कोंबल्या की वाफेचे पाणी होऊन दुसऱ्या दिवशी त्यांना आंबूस वास येतो. म्हणून त्या पसरून पूर्ण गार कराव्यात, सुती फडक्यात गुंडाळाव्यात आणि मगच डब्यात भराव्यात. प्रत्येक वेळचे जेवण वेगळ्या पुडीत बांधल्यास, एकाच डब्यात सगळ्यांचे हात पुन्हापुन्हा जात नाहीत.

गाडीत चहा करण्यासाठी किटली किंवा छोटी शेगडी वापरता येते का?

अजिबात नाही. गॅस, रॉकेल किंवा स्पिरिटची शेगडी गाडीत नेणे हाच गुन्हा आहे. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या, लखनौहून आलेल्या पर्यटकांच्या डब्यात गॅस सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जणांचा मृत्यू झाला. चहा करण्यासाठी हा सिलिंडर चोरून आणलेला होता. तीर्थयात्रेला गटाने निघणाऱ्या मंडळींनी ही घटना विसरू नये. विजेची किटलीही चार्जिंगच्या सॉकेटला लावू नये; ते सॉकेट मोबाईल आणि लॅपटॉपपुरते असून जास्त भाराने तारा तापतात. बाळाच्या दुधासाठी गरम पाणी हवे असल्यास चांगला थर्मास न्यावा किंवा पँट्री कारमधून मागून घ्यावे.

मधुमेह, उपवास किंवा लहान मूल असल्यास वेगळे जेवण मिळते का?

नोव्हेंबर २०२२ मध्ये रेल्वे मंडळाने आयआरसीटीसीला प्रादेशिक पदार्थ, भरड धान्याचे पदार्थ, मधुमेहींसाठीचे आणि लहान मुलांसाठीचे अन्न यादीत घेण्याची मुभा दिली. नवरात्रात ई-केटरिंगवर उपवासाची थाळीही मिळते. पण मुभा असणे आणि आपल्या गाडीत तो पदार्थ त्या दिवशी असणे यांत अंतर आहे, म्हणून इन्सुलिन घेणाऱ्या प्रवाशाने गाडीच्या भरवशावर कधीही राहू नये. जेवणाची वेळ टळली तर खाता येईल असे काही, तसेच साखर उतरल्यास लगेच तोंडात टाकायला गूळ किंवा साखर, जवळ हवीच. उपवासवाल्यांसाठी शेंगदाणे, खजूर, केळी आणि राजगिऱ्याचे लाडू पुरेसे होतात.

दिलेले जेवण चांगले आहे की नाही, हे कसे ओळखावे?

पाकीट उघडण्यापूर्वीच पाहावे. पाकिटावर स्वयंपाकघराचे नाव, पॅक केल्याची तारीख आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, चौदा अंकी परवाना क्रमांक असला पाहिजे. अलीकडे त्यावर क्यूआर कोडही असतो आणि तो मोबाईलने वाचला की स्वयंपाकघराचे नाव व पॅकिंगची तारीख कळते. हिरवा गोल शाकाहाराचा, तर तपकिरी त्रिकोण मांसाहाराचा. वरचे आवरण फुगलेले असेल तर आत आंबण्याची क्रिया सुरू झाली आहे, असे समजावे. उघडल्यावर डाळीवर फेस किंवा पाणी वेगळे झालेले दिसले, भाताला चिकट तार आली, किंवा भाजीला आंबट वास आला, तर एक घासही खाऊ नये. ‘पैसे दिले आहेत’ म्हणून खाल्लेले असे अन्न पुढच्या दहा तासांच्या प्रवासात फार महागात पडते.

पाकिटाचे, त्यावरच्या मजकुराचे आणि आतल्या अन्नाचे छायाचित्र घ्यावे, मग पाकीट परत करावे. क्रम उलटा झाला तर पुरावा विक्रेत्याबरोबर निघून जातो.

डब्यात फिरणाऱ्या कोणत्याही विक्रेत्याकडून घ्यावे का?

रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४४ नुसार परवान्याशिवाय गाडीत वस्तू विकणे गुन्हा आहे. अधिकृत विक्रेत्याकडे गणवेश आणि ओळखपत्र असते. उघड्या टोपलीतली कापलेली फळे, सुटी भेळ, बादलीतले सरबत हे उन्हाळ्यात टाळलेलेच बरे. अनोळखी सहप्रवाशाने आग्रहाने दिलेले बिस्कीट किंवा चहाही नम्रपणे नाकारावा, विशेषतः एकट्याने प्रवास करणाऱ्यांनी.

गाडीत मद्यपान चालते का?

नाही. कलम १४५ नुसार गाडीत किंवा स्थानकात नशेत आढळणाऱ्या व्यक्तीला उतरवता येते आणि शिक्षाही होते.

उष्टे आणि रिकामी पाकिटे कुठे टाकावीत?

दाराजवळच्या कचरापेटीत किंवा सफाई कर्मचाऱ्याच्या पिशवीत. खिडकीतून टाकलेले उष्टे रुळांवर काम करणाऱ्या गँगमनच्या अंगावर पडते. शौचालयात टाकलेली बाटली किंवा चहाचा पेला जैव-शौचालयाचा मार्ग बंद करतो आणि पुढचा सगळा प्रवास त्या डब्याला त्रास होतो.

तक्रार कुठे आणि कशी करावी?

१३९ वर फोन करून खानपानाच्या तक्रारीसाठी ३ दाबावे, किंवा ‘रेल मदद’ ॲपवर अथवा संकेतस्थळावर नोंद करावी. पीएनआर टाकून तक्रार होते. अनारक्षित प्रवाशांना तिकिटावरचा यूटीएस क्रमांक टाकून ती करता येते. तक्रार प्रवास चालू असतानाच करावी, कारण त्या वेळी गाडीतला खानपान व्यवस्थापक आणि पुढच्या स्थानकावरचे कर्मचारी येऊन पाहू शकतात. घरी पोहोचल्यावर केलेल्या तक्रारीत अन्नही नसते आणि वाढणाराही नसतो.

मजकूर थोडका आणि नेमका असावा. ‘जेवण खराब होते’ एवढ्याने काही होत नाही. ‘दुपारी १ वाजता, मनमाड सोडल्यावर, एस-४ डब्यात ८० रुपयांचे जेवण १२० रुपयांना दिले, दही नव्हते, बिल दिले नाही’ असे लिहिले की उत्तर देणाऱ्याला पळवाट राहत नाही. विक्रेत्याच्या ओळखपत्रावरचे नाव दिसत असेल तर तेही लिहावे. काही वेळा वाढणारे कर्मचारी येऊन तक्रार मागे घेण्याची विनंती करतात. वाढणारा मुलगा अनेकदा तुटपुंज्या कमाईवर राबणारा असतो, त्याच्याशी कठोर होऊ नये. पण अपुरे जेवण पाठवण्याचा निर्णय त्याच्या वरच्यांचा असतो आणि तक्रार मागे घेतली की तो तसाच चालू राहतो.

तक्रारीचे उत्तर समाधानकारक नसेल तर पुढे काय?

रेल मददचा तक्रार क्रमांक, बिल किंवा यूपीआयची नोंद, तिकीट आणि छायाचित्रे एकत्र जपून ठेवावीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते आणि तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही ती मागता येते. म्हणजे घटना इटारसीजवळ घडली असली, तरी सोलापूरच्या रहिवाशाला सोलापूरच्याच जिल्हा आयोगाकडे अर्ज करता येतो. वकील लावणे सक्तीचे नाही. आपली बाजू स्वतः मांडता येते.